ऑक्सफर्ड नगरींत एक दिवस

विलायतेस जाणारा आपला प्रवासी लंडन पाहतो आणि सवड उरल्यास ऑक्सफर्डला जाऊन तेथील घुमट, हिरवळी व जुनीं कॉलेजें पाहून परततो. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु ज्या घरांत अमरकोश व रूपावली यांचा संस्कार अद्याप थोडाबहुत उरला आहे, त्या घरांतील माणसानें या नगरींत आणखी तीन-चार स्थळें अवश्य पहावीं असें आम्हांस वाटतें. तीं आम्हीं आमच्या एका वर्गबंधूंच्या संगतींत पाहिलीं. त्यांचा हा वृत्तांत.

हे स्नेही पेशानें इंजिनीअर असून पुष्कळ वर्षें इंग्लंडांत राहतात. इमारतींचे पाये व सालें त्यांच्या जिभेवर, तर आमच्या जिभेवर धातु व प्रत्यय. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनावरून आगगाडीनें सुमारें एका तासांत आम्ही ऑक्सफर्डला पोहोंचलों आणि हाय स्ट्रीट या मुख्य रस्त्यानें चालूं लागलों. हा रस्ता सरळ नसून धनुष्यासारखा वांकत जातो; त्यामुळें चार पावलांवर एक नवा मनोरा पुढें येतो व मागचा लपतो.

याच रस्त्यावर युनिव्हर्सिटी कॉलेज आहे. स्नेह्यांनीं आधींच परवानगी काढून ठेवली होती, म्हणून तेथील प्रार्थनामंदिरांत जातां आलें. सर विल्यम जोन्स हे याच कॉलेजचे फेलो. १७८४ मध्यें त्यांनीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापिली, १७८९ मध्यें शाकुंतलाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें आणि १७९४ मध्यें तेथेंच त्यांचा अंत झाला. त्यांचें स्मारक जॉन फ्लॅक्समन या शिल्पकारानें शुभ्र संगमरवरांत कोरलें आहे. जोन्ससाहेब खुर्चीवर बसून मेजावर लिहीत आहेत आणि त्यांच्यासमोर तीन भारतीय गृहस्थ जमिनीवर बसले आहेत. हिंदू व मुसलमान यांच्या कायद्यांचा संग्रह त्यांनीं सिद्ध केला, असा खालीं उल्लेख आहे.

स्नेह्यांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, "पाहिलेंस? शिकवणारे खालीं आणि शिकणारा वर! आपल्या पाठशाळेंत असें कधीं झालें असतें का?"

प्रश्न योग्य होता. हिंदू कायद्याचा तो संग्रह वस्तुतः जगन्नाथ तर्कपंचानन या बंगाली पंडितांच्या प्रमुखत्वाखालीं संस्कृतांत सिद्ध झाला. जोन्स मध्येंच निवर्तल्यामुळें त्याचें इंग्रजी भाषांतर कोलब्रुक यांनीं पुरें केलें. जोन्स यांस संस्कृताचे पाठ दिले ते रामलोचन या पंडितांनीं. त्या पाषाणावर यांपैकीं एकाचेंही नांव नाहीं. तथापि आम्हीं स्नेह्यांस म्हटलें कीं, शिल्पकारानें नकळत खरें तेंच कोरलें आहे. बोलणारा तो गुरु आणि लिहून घेणारा तो शिष्य. मग आसन कोणाचें कितीही उंच असो. ज्याला पाहतां येतें, त्याला या चित्रांत गुरु कोण हें सांगावें लागत नाहीं. स्नेही यावर कांहीं बोलले नाहींत, परंतु त्यांची आठीही गेली नाहीं.

रस्ता ओलांडून आम्ही रॅडक्लिफ चौकांत आलों. मध्यभागीं जेम्स गिब्ज यानें योजिलेली, १७३७ ते १७४९ या काळांत बांधलेली वाटोळी, घुमटाकार वाचनशाला आहे. आणि तिच्या पलीकडे जगद्विख्यात बॉडलियन ग्रंथालय. सर टॉमस बॉडली यांनीं जीर्णोद्धार करून तें १६०२ मध्यें खुलें केलें. येथें वाचावयास येणाऱ्याकडून एक प्रतिज्ञा घेण्याची जुनी चाल आहे. ग्रंथालयांत मीं विस्तव आणणार नाहीं व पेटवणार नाहीं, असें त्यांत वचन द्यावें लागतें. हें ऐकून आम्हांस आपल्या जुन्या पोथ्या आठवल्या. तेल, पाणी व ढिलें बंधन यांपासून मला राख, अशी पोथीनेंच केलेली विनवणी आपले लेखक शेवटच्या पानावर लिहून ठेवीत. दोन दूरच्या देशांतील माणसांना एकच भय वाटत होतें!

याच ग्रंथालयास १९०९ मध्यें नेपाळचे महाराज चंद्र शमशेर यांनीं सहा हजारांहून अधिक संस्कृत हस्तलिखितें भेट दिलीं. बाहेरील अंगणांत उभे राहून आम्ही त्या संख्येचा विचार करीत होतों. एक लेखक एका मोठ्या पोथीस महिनेचे महिने देतो. सहा हजार पोथ्या म्हणजे किती माणसांचें आयुष्य, किती दिव्यांचें तेल आणि किती डोळ्यांची दृष्टि!

ब्रॉड स्ट्रीटच्या पूर्व टोंकास कोपऱ्यावर एक इमारत आहे. मान वर करून पाहिल्यास तिच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखविणारा कोंबडा नसून चक्क अंबारीचा हत्ती दिसतो! हीच पूर्वींची इंडियन इन्स्टिट्यूट. तिची कोनशिला १८८३ मध्यें बसविली गेली आणि तेथें संस्कृत लेखही आहे. तिजसाठीं भारतांतील संस्थानिकांकडूनही वर्गणी जमविणारे प्रोफेसर मोनियर विल्यम्स यांचा जन्म १८१९ मध्यें आपल्या मुंबईंत झाला. वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या कोशाशेजारीं ज्यांचा जाडा कोश आपण ठेवतों, तेच हे. १९६० नंतरच्या दशकांत येथील ग्रंथसंग्रह अन्यत्र हलविला गेला आणि इमारत दुसऱ्या कामीं लागली. हत्ती मात्र जागचा हलला नाहीं.

येथें आमचा खरा वाद झाला. मोनियर विल्यम्स ज्या अध्यासनावर होते, तें जोसेफ बोडन या कंपनीच्या मुंबई फौजेंतील अधिकाऱ्याच्या मृत्युपत्रांतून निघालें. भारतीयांस ख्रिस्ती करण्याच्या कामीं आपल्या देशबांधवांस संस्कृताचें साहाय्य व्हावें, हा हेतु त्यानें उघड लिहून ठेवला होता. १८६० मध्यें या जागेसाठीं निवडणूक झाली, तींत मोनियर विल्यम्स यांस ८३३ व मॅक्सम्यूलर यांस ६१० मतें पडलीं. स्नेही म्हणाले, "ज्याच्या मुळाशीं असा हेतु, त्या झाडाचें फळ तूं गोड मानून खातोस?"

आम्हीं उत्तर दिलें, "हेतु आम्ही विसरत नाहीं. परंतु त्याच अध्यासनावरील पहिले प्रोफेसर विल्सन हे मेघदूताचे भाषांतरकार. पेरणाऱ्याच्या मनांत एक असतें आणि भूमि दुसरेंच देते. विद्येचा हा स्वभाव आहे; ती धन्याचें ऐकत नाहीं."

हा वाद तसाच चालवीत आम्ही हॉलीवेल स्ट्रीटनें जुन्या दफनभूमीकडे वळलों. दगडांभोंवतीं वेली व रानगवत माजलें आहे. येथें मॅक्सम्यूलर यांची समाधि आहे. १८२३ मध्यें जर्मनींतील डेसाऊ येथें जन्मलेला हा पंडित १८४६ मध्यें इंग्लंडांत आला व १९०० मध्यें ऑक्सफर्ड येथेंच वारला. सायणभाष्यासह ऋग्वेद त्यानें १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत सहा खंडांत छापून पुरा केला. भारतभूमि त्यानें कधींही पाहिली नाहीं.

स्नेह्यांनीं टोपी काढली, तेव्हां आम्हांस नवल वाटलें. ते हळूच म्हणाले, "टिळकांसाठीं." १८९७ मध्यें लोकमान्यांस राजद्रोहाच्या खटल्यांत अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेसाठीं झालेल्या अर्जावर मॅक्सम्यूलर यांनीं सही केली होती, आणि आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत तुरुंगांत पाठविली होती. १८९८ च्या सप्टेंबरांत लोकमान्य मुदतीपूर्वीं सुटले. ज्या वेदाचें मुद्रण कंपनीच्या पैशानें सुरू झालें, तोच वेद कंपनीच्या वारसांनीं कोंडलेल्या माणसाच्या सोबतीस गेला. आमचा वाद तेथें मिटला असें नाहीं, पण दोघांचाही आवाज खालीं आला.

तथापि मॅक्सम्यूलर यांचें ऋण मान्य केलें तरी हिशेब पुरा होत नाहीं. त्यांच्यापुढें ज्या सायणभाष्याच्या प्रती होत्या, त्या कोणीतरी ओसरीवर मांडी घालून, बोरू घेऊन नकलल्या होत्या. तो लेखक म्हणजे फ्लॅक्समनच्या शिल्पांतला जमिनीवर बसलेला चौथा गृहस्थ. त्यास शिल्पांतही जागा मिळाली नाहीं. पुढें पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळानें १९३३ पासून सायणभाष्यासह ऋग्वेदाची चिकित्सित आवृत्ति काढली, तीही अशाच हातांनीं राखलेल्या पोथ्यांच्या बळावर.

संगमरवरावर ज्यांचीं नांवें नाहींत, त्यांचीं नांवें अन्यत्र कोठें सांपडतील? वाचकहो, तीं कदाचित् आपल्याच माळ्यावर आहेत. जुन्या पोथीच्या शेवटच्या पानावर बहुधा लेखकाचें नांव, त्याच्या पित्याचें नांव, शक, मास, तिथि व गांव लिहिलेलें असतें. घरांतील मुलांस हाताशीं घेऊन एका रविवारीं तें पान वाचावें व वहींत उतरून घ्यावें. पोथी कोरड्या सुती वस्त्रांत, दोन फळ्यांमध्यें बांधावी; प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये व फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. घरीं सांभाळणें अशक्य असेल, तर पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ पासून हेंच काम करीत आहे, तिजकडे विचारावें. रद्दीवाल्याच्या तराजूंत मात्र तें पान जाऊं देऊं नये, कारण त्यावर असलेलें नांव जगांत दुसऱ्या कोठेंही लिहिलेलें नसण्याचा संभव फार आहे.