सुरतेचे वैरी, लखनौत शेजारी

२७ डिसेंबर १९०७. सुरतेच्या काँग्रेस मंडपात लोकमान्य टिळक आपली सूचना मांडायला व्यासपीठावर चढले. अध्यक्ष रासबिहारी घोष त्यांना बोलू देईनात. एवढ्यात एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. मंडपात हाणामारी सुरू झाली, पोलीस आले, काँग्रेस फुटली: टिळकांचे जहाल एकीकडे, मवाळ दुसरीकडे.

नऊ वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, लखनौच्या अधिवेशनात टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे याच रासबिहारींच्या आणि सुरेंद्रनाथांच्या शेजारी बसले! मने कोणी वळवली? ईश्वर सर्वांच्या हृदयात राहून त्यांना फिरवतो, असे गीता सांगते. ते फिरवणे इतके सावकाश चालते की घडताना कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सुरतेतच पाहा. टिळकांवर लोक धावून आले, तेव्हा दोन्ही हात पसरून त्यांना वाचवायला आडवे झाले ते त्यांचे कट्टर विरोधक गोपाळ कृष्ण गोखले. इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन यांनी हे लिहून ठेवले आहे. तंटा पेटला त्याच क्षणी सलोख्याचे बी पडले होते, असे मला मनापासून वाटते. ते रुजायला मात्र फार दिवस लागले. टिळकांना मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षे भोगावी लागली. ते १९१४ मध्ये सुटून आले, तरी समेटाची बोलणी फिसकटलीच. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. पुण्याच्या स्मशानात टिळकांनी त्यांचा जो गौरव केला, तो ऐकणाऱ्यांना जन्मभर पुरला असेल. त्याच वर्षअखेर मुंबईच्या अधिवेशनात नियम बदलून जहालांना वाट मोकळी झाली. मते कोणीही सोडली नव्हती, आणि मला तर हेच सर्वांत मोठे नवल वाटते. ज्ञानदेवांनीही पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा जावा असे मागितले.

लखनौने आणखी एक गाठ बांधली. तिथेच मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले होते, अध्यक्ष होते बॅरिस्टर जिना. आदल्याच महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, मुंबई हायकोर्टात टिळकांची बाजू लढवून त्यांनी ती जिंकली होती. काँग्रेस आणि लीग यांच्यात करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ मान्य झाले, कायदेमंडळात मुसलमानांना पंजाबात ५० टक्के, संयुक्त प्रांतात ३० टक्के जागा ठरल्या. पुष्कळ हिंदू पुढारी नाराज झाले. टिळकांनी मात्र आपले सारे वजन कराराच्या पारड्यात टाकले.