कराची बंदरावरची ती रात्र

दरवर्षी 4 डिसेंबरला आपले नौदल आपला दिवस साजरा करते. 2023 साली तो मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने झाला, तेव्हा कोकणातल्या गावागावांतून माणसे एसट्या भरभरून गेली होती. पण हाच दिवस का, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येते. म्हणून ही हकिकत.

तिची सुरुवात होते 1965 साली. त्या लढाईत 7 सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी युद्धनौकांचा ताफा द्वारकेसमोर आला आणि तोफा डागून निघून गेला. नुकसान तसे काही नाही. बरेचसे गोळे मऊ जमिनीत रुतले, काही तर फुटलेच नाहीत. पण कृष्णाच्या द्वारकेवर गोळे पडले आणि आपल्या नौका काही करू शकल्या नाहीत, ही गोष्ट नौसैनिकांच्या जिव्हारी लागली. खरे तर त्यांना पोरबंदरच्या उत्तरेला न जाण्याचाच हुकूम होता. बांधलेल्या बैलाला शेतात शिरलेल्या जनावराला हुसकायला सांगावे, तसला प्रकार.

1971 साली नौदलाचे प्रमुख होते अॅडमिरल एस. एम. नंदा. त्यांचे बालपण कराचीतच गेलेले, त्यामुळे ते बंदर त्यांना आपल्या अंगणासारखे माहीत. पश्चिम पाकिस्तानचे मोठे बंदर ते एकच. तेल, दारूगोळा, धान्य, सगळे तिथूनच उतरायचे. लढाई पेटली तर कराचीवर हल्ला करायला सरकारची हरकत आहे काय, हे नंदांनी आधीच इंदिरा गांधींना विचारून ठेवले. हरकत नव्हती.

हत्यार मात्र अडचणीचे होते. रशियाकडून त्याच साली आठ क्षेपणास्त्र नौका आल्या होत्या. दोनशे टनांची छोटी बोट, वर चार क्षेपणास्त्रे, आणि पळायला वाऱ्यासारखी. पण ती बनवलेली आपल्याच किनाऱ्याची राखण करायला. टाकीत तेल थोडे, लांबचा पल्ला झेपायचा नाही. एवढे वजन उचलणारी क्रेन मुंबई बंदरात नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि मोठ्या जहाजांमागे दोर बांधून, सगळ्या किनाऱ्याला वळसा घालून मुंबईला ओढत आणल्या. यातूनच अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले की, इतक्या लांब ओढून आणता येतात, तर कराचीकडेही नेता येतील! गरजेपोटी केलेली जुळवाजुळव कधी कधी अशी कामाला येते.

3 डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. दुसऱ्याच रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन बोटी कराचीवर चालून गेल्या. सोबतीला ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या दोन नौका. मोहिमेचे प्रमुख होते कमांडर बब्रुभान यादव, हरियाणातले. दिवसभर शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर राहायचे आणि अंधार पडला की मुसंडी मारायची, असा बेत. या बोटींवरच्या लोकांचे शिक्षण रशियात झालेले, म्हणून त्या रात्री बिनतारी संदेश रशियन भाषेत बोलले गेले. ऐकणाऱ्यांना कळावे तरी काय!

रात्री साडेदहा-अकराच्या दरम्यान ‘निर्घात’ने पहिले क्षेपणास्त्र सोडले. समोर होती ‘खैबर’. 1965 साली द्वारकेवर आलेल्या ताफ्यात हीच नौका होती. आकाशातून जळता गोळा येताना पाहून तिच्यावरच्या लोकांना ते विमानच वाटले. बोट त्यांना दिसलीच नव्हती, कारण ती वीस मैल लांब होती. दुसऱ्या तडाख्यात ‘खैबर’ बुडाली. ‘मुहाफिज’ नावाची सुरुंग काढणारी नौका तर मदतीची हाक द्यायच्या आतच गेली. दारूगोळा घेऊन येणारे एक व्यापारी जहाजही बुडाले, आणि ‘शाहजहान’ ही विनाशिका जबर जखमी झाली. आपल्या बाजूला एकही माणूस दगावला नाही.

‘खैबर’वरून गेलेल्या संदेशात ठिकाण चुकीचे सांगितले गेले होते. शोधायला निघालेले भलतीकडेच फिरत राहिले, आणि बुडालेल्यांपैकी कित्येक जण थंड पाण्यात वाट पाहत राहिले. ‘खैबर’वरची दोनशेहून अधिक माणसे गेली. तीही कुणाच्या घरचीच होती.

चार दिवसांनी, खवळलेल्या समुद्रात ‘विनाश’ ही एकटी क्षेपणास्त्र बोट, ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या नौकांना सोबत घेऊन पुन्हा गेली. केमारीच्या तेलाच्या टाक्या भडकल्या त्या कित्येक दिवस जळत होत्या. हवाई दलाच्या विमानांनीही त्या टाक्यांवर हल्ले केले होते, त्यामुळे आग कोणी लावली यावर दोन्ही दलांच्या जुन्या अधिकाऱ्यांत पुढे बरीच वादावादी झाली. आपल्याला त्यात पडायचे कारण नाही.

पण या हकिकतीचा एक भाग सांगताना बहुतेक जण गाळतात. 9 डिसेंबरला, म्हणजे दुसऱ्या हल्ल्याच्या दुसऱ्याच रात्री, दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने आपली ‘खुकरी’ बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. दीवला समुद्राकाठच्या टेकाडावर ‘खुकरी’ची लहान प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवली आहे. सोमनाथ-द्वारकेच्या यात्रेला जाणाऱ्यांना वाट वाकडी करून ती पाहता येते.