हिवाळी अंदाज आणि धान्याची मंडी

माळव्यात हिवाळ्यात जो पाऊस पडतो त्यास येथील लोक 'मावठा' म्हणतात. थोडका पडला तर गव्हास अमृत. गारांसह पडला तर उभे पीक आडवे. इंदूर, देवास, उज्जैन येथील मंड्यांचा हंगाम त्याच्याशी बांधलेला असल्याने हवामान खात्याचा अंदाज कसा वाचावा, हे सभासद बंधूंसमोर आम्ही मांडीत आहोत.

हा पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा नव्हे. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे पूर्वेस सरकणारी हवेची आवर्ते त्यास बहुधा कारण होतात. खाते त्यांस 'पश्चिमी विक्षोभ' म्हणते. त्यांचा मुख्य जोर काश्मीर-पंजाबकडे असतो. एखादा प्रबळ विक्षोभ दक्षिणेस झुकला व त्यास समुद्रावरील ओलसर हवा मिळाली, म्हणजे माळव्यातही मेघ गर्जू लागतात.

यातील क्रम ध्यानी धरण्याजोगा आहे. विक्षोभ जवळ येताच आभाळ भरते; ढगांचे पांघरूण जमिनीची ऊब सुटू देत नाही, म्हणून रात्रीचे तापमान चढते. त्या दिवशी 'थंडी सरली' म्हणणारे बाजारात पुष्कळ भेटतात! वस्तुतः ती पावसाची वर्दी असू शकते. विक्षोभ पुढे गेला की आकाश निवळते, उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि पारा झपाट्याने उतरतो. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याखाली जाऊन नेहमीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक घटले, तर खाते त्यास थंडीची लाट म्हणते. हरभऱ्यावर पाला पडण्याचे भय याच टप्प्यात असते.

'तुरळक ठिकाणी' या शब्दांचा अर्थ, विभागातील फार तर चौथाई केंद्रांवर. देवासास गारा पडल्या आणि इंदूर कोरडे राहिले, तर अंदाज खोटा ठरला असे नव्हे.

खरा घात होतो तो मार्चात, गहू पिकल्यावर. २०२३ साली अवकाळी पावसाने दाण्याची चमक गेली व मध्यप्रदेशातील सरकारी खरेदीत निकष शिथिल करावे लागले. त्याहून मोठी गोष्ट आम्हा जैनांपुरती निराळी आहे. ओलसर धान्यात जीवोत्पत्ती होते, मग धुरी देणे भाग पडते, आणि ती हिंसा आपल्याच वखारीत घडते. म्हणून पावसाचा इशारा मिळताच माल आत घ्यावा, पोत्यांची थप्पी फळ्यांवर व भिंतीपासून दूर रचावी, ओलावा १२ टक्क्यांवर जाऊ देऊ नये, आणि ऊन पडताच ताडपत्री काढून वारा खेळू द्यावा.