तुमची पाळी केव्हा?

आर्णीच्या रेशन दुकानात तुमच्यापुढे 15 माणसे आहेत. प्रत्येकाला 2 मिनिटे लागतात. म्हणजे तुमची पाळी अर्ध्या तासाने. साधा गुणाकार!

1972 साली आलेल्या बजाज चेतक स्कूटरलाही तोच लागू होता. परवान्यामुळे उत्पादन बांधलेले, मागणी अफाट. म्हणून मिनिटांच्या जागी वर्षे. पण नोंदणीचा क्रमांक तरी हाती असे.

2014 साली शाओमीचा ‘मी 3’ फोन फ्लिपकार्टवर आला आणि साठा पाहता पाहता संपला. अशा विक्रीत ज्याची मागणी सर्व्हरवर आधी पोहोचेल, त्याला फोन. मंद नेटवर्कमुळे तुम्ही सेकंदभर मागे पडलात, की पाळी येतच नाही. मला जुनी वहीच अधिक न्यायाची वाटते, जरी तिच्या आडून काळाबाजार चाले.

आणि संगणकानेच चिठ्ठ्या टाकल्या तर? मग वेगाचा उपयोग नाही. आर्णी आणि मुंबई सारखीच!