वायद्याचा सूर्य

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथील अणुपरिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी भाकीत केले होते की, अणुसंमीलनाची ऊर्जा २० वर्षांच्या आत मानवाच्या ताब्यात येईल. त्यास आज सात दशके लोटली. त्या ऊर्जेवर घरातला एकही दिवा अद्याप लागलेला नाही.

यासाठी त्या द्रष्ट्या पुरुषास दोष देणे आम्हांस मान्य नाही. अडचण सिद्धांताची नसून व्यवहाराची आहे. ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांचा संयोग घडविण्यास सुमारे १५ कोटी अंश तापमान हवे. ते कोणत्याही भांड्यास सोसवणार नाही. म्हणून तो तप्त वायू चुंबकीय क्षेत्रात अधांतरी कोंडावा लागतो. शिवाय ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाहीच. ते लिथियमपासून त्या भट्टीतच निपजवावे लागणार.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील लिव्हरमोर येथे लेसर किरणांची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा ओतून ३.१५ मेगाज्यूल मिळाली, तेव्हा जगभर जयघोष झाला. परंतु ते किरण निर्माण करण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती, हे किती जणांनी ध्यानी घेतले? फ्रान्समधील ज्या 'ईटर' प्रकल्पात भारतही भागीदार आहे, तेथील ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०२४ च्या सुधारित वेळापत्रकानुसार २०३९ वर गेले आहेत.

संशोधनासाठी सरकारने हात आखडता घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र जमाखर्च जनतेपुढे चोख मांडला जावा. आणि उद्याच्या सूर्याच्या वायद्यावर विसंबून, आज माथ्यावर तळपणाऱ्या सूर्याकडे कोणी पाठ फिरवू नये.