लेबलवर ‘अल्कोहोल’ दिसलं की घाबरायचं का? क्रीम आणि माउथवॉशचं गणित वेगळं आहे

मॉइश्चरायझरच्या बाटलीमागची यादी वाचली की ‘सीटाइल अल्कोहोल’, ‘स्टिअरिल अल्कोहोल’ ही नावं हमखास सापडतात. अल्कोहोल म्हणजे त्वचा कोरडी, असं ऐकलेले अनेक जण बाटली परत ठेवून देतात. खरं तर ही मेणासारखी पांढरी, घट्ट द्रव्यं आहेत. क्रीममधलं तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणं, त्वचा मऊ करणं हे त्यांचं काम. ‘अल्कोहोल-फ्री’ क्रीममध्येही ती असू शकतात आणि त्यात फसवणूक नाही. अमेरिकेच्या एफडीएनुसार हा शब्द केवळ इथाइल अल्कोहोलपुरता आहे.

त्वचा कोरडी करतं ते ‘अल्कोहोल डिनॅट’, म्हणजे पिता येऊ नये म्हणून त्यात इतर रसायनं मिसळलेलं इथेनॉल. टोनर, आफ्टरशेव्हच्या यादीत ते पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर एक्झिमा किंवा कोरडी त्वचा असलेल्यांनी दूर राहिलेलं बरं.

माउथवॉशचं काय?

इथे मात्र आकडे बघा. लिस्टरिन कूल मिंटच्या अमेरिकेतील लेबलवर अल्कोहोल २१.६ टक्के आहे. बीअरमध्ये ते साधारण ५ टक्के असतं. चूळ भरून थुंकणाऱ्या मोठ्या माणसाला तोंड चुरचुरणं, कोरडं पडणं एवढाच त्रास होतो. मद्यपान आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. माउथवॉशबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

खरी भीती घरातल्या लहान मुलांची. एवढ्या तीव्रतेच्या २५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅमहून जास्त इथेनॉल असतं. त्यातलं ३० मिली पोटात गेलं तरी सुमारे ५ ग्रॅम. दहा किलोच्या बाळासाठी हे फार झालं. इथेनॉल यकृताला साखर तयार करू देत नाही, त्यामुळे मुलाच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. म्हणूनच अमेरिकेत ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त इथेनॉल असलेल्या माउथवॉशला मुलांना सहज न उघडणारं झाकण सक्तीचं आहे.

बाटल्यांची अदलाबदल मोठ्यांकडूनही होते. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. ती बचावली.

मुलाने माउथवॉश प्यायल्याचं कळलं, तर उलटी करवू नका. पेंग येण्याची वाट न बघता बाटलीसह थेट दवाखाना गाठा. लेबलवरची टक्केवारी डॉक्टरांना लागते.