गुणांची सरासरी आणि वस्तीची ऐपत

अमेरिकेत घर घेणारे पालक, त्यांत तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आली, घराच्या किमतीइतकेच लक्ष जवळच्या शाळेला मिळालेल्या गुणांकडे देतात. घरांच्या जाहिराती देणाऱ्या संकेतस्थळांवर शाळांना दहापैकी किती गुण आहेत ते दिलेले असते. ज्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या शाळांना नऊ किंवा दहा, ते उत्तम आणि ज्यांना तीन, ते वाईट, असा अर्थ सरसकट लावला जातो. हा अर्थ चुकीचा आहे आणि त्याची किंमत मुले मोजतात. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडचा महसुली जिल्हा नव्हे. स्वतःची हद्द, बहुधा निवडून आलेले मंडळ आणि अनेक राज्यांत स्वतःची करआकारणी असलेली ही स्थानिक संस्था असते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, गावाच्या घरपट्टीवर तो अवलंबून नसतो. अमेरिकेत मात्र शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा हद्दीतल्या मालमत्तेवरील करातून उभा राहतो. त्यामुळे निकाल, विद्यार्थ्यांची सामाजिक स्थिती आणि निधी या तीन गोष्टी तिथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्यांतली एकच उचलून शाळेचा न्याय करता येत नाही.

ही गुंतागुंत टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो शहरात अगदी उघडी पडली. एजवुड आणि अलामो हाइट्स ही तिथली दोन डिस्ट्रिक्ट. १९६७-६८ साली एजवुडमध्ये सुमारे २२,००० विद्यार्थी होते आणि त्यांतले जवळजवळ नव्वद टक्के मेक्सिकन वंशाचे. अलामो हाइट्समध्ये सुमारे ५,००० मुले, बहुतांश गोरी आणि सुखवस्तू घरांतली. एजवुडचे रहिवासी दर शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरत होते, अलामो हाइट्सचे फक्त ०.८५ डॉलर. तरीही स्थानिक करातून एजवुडला दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला ३३३. कारण एजवुडमध्ये एका विद्यार्थ्यामागे ५,९६० डॉलरची मालमत्ता होती, तर अलामो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरहून अधिक. गरिबांनी जास्त दराने कर भरला आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला कमी आले. राज्याची मूळ मदत दोघांना जवळपास सारखीच होती : २२२ आणि २२५ डॉलर. केंद्राच्या मदतीने अंतर थोडे कमी झाले, तरी शेवटी ३५६ विरुद्ध ५९४ डॉलर असा हिशेब उरला. या दोन ठिकाणच्या निकालांची तुलना करून एजवुडच्या शिक्षकांना नापास ठरवणे हा सरळ अन्याय होता. डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालकांनी या व्यवस्थेविरुद्ध दावा लावला. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. पुढे १९८९ साली टेक्ससच्याच सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या घटनेच्या आधारे, ही निधीव्यवस्था एकमताने रद्द ठरवली.

पैशाने निकाल सुधारत नाहीत, हा यावरचा जुना आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. १९६६ च्या कोलमन अहवालाने मुलांच्या गुणांचा संबंध शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जोडला होता. मिसुरीतल्या कॅन्सस सिटीमध्ये न्यायालयाच्या आदेशावरून नव्या इमारती आणि खास शाळांवर प्रचंड खर्च झाला, पण गुण फारसे हलले नाहीत. मात्र तो खर्च बऱ्याच अंशी उपनगरांतल्या गोऱ्या मुलांना शहरात खेचण्यासाठी आखलेला होता. मुलांना रोज वर्गात काय मिळते, हा प्रश्न त्यात मागे पडला. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या अर्थतज्ज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यायालयीन आदेशांमुळे निधी वाढलेल्या ठिकाणची मुले मोठेपणापर्यंत तपासली. शालेय शिक्षणाची बाराही वर्षे दर विद्यार्थ्यामागे दहा टक्के जास्त खर्च झाला, तर गरीब घरांतल्या मुलांचे शिक्षण जवळजवळ अर्ध्या वर्षाने लांबले आणि पुढची मजुरी सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. तेव्हा पैसा कुठे आणि किती सातत्याने खर्च होतो यावर बरेच अवलंबून आहे.

मग डिस्ट्रिक्टची गुणवत्ता ओळखायची कशी? स्टॅनफर्डचे संशोधक शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या सुमारे ११,००० डिस्ट्रिक्टमधल्या चाचण्यांचे निकाल एका मापावर आणले आणि दोन गोष्टी वेगळ्या काढल्या : मूल तिसरीत कुठे होते आणि आठवीपर्यंत किती पुढे गेले. तिसरीतली पातळी वस्तीच्या आर्थिक स्थितीशी घट्ट जोडलेली निघाली, कारण शाळेत येण्याआधीची वर्षे घर आणि परिसरच घडवत असतो. पुढच्या प्रगतीचा श्रीमंतीशी संबंध मात्र फारच सैल होता. शिकागोचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. तिथली मुले तिसरीत राष्ट्रीय सरासरीच्या बरीच मागे होती, पण २००९ ते २०१४ या काळात त्यांनी पाच वर्षांत सहा वर्षांइतकी मजल मारली. गुणांची नुसती सरासरी पाहणाऱ्याला शिकागो मागासलेलेच दिसले असते.

प्रगतीचे मापही निर्दोष नाही. लहान डिस्ट्रिक्टमध्ये चार मुले स्थलांतरित झाली तरी आकडा डळमळतो. आपल्या मुलाचे सवंगडी अभ्यासू घरांतले असावेत, म्हणून पालक सरासरीच पाहतात, असेही सांगितले जाते. ती इच्छा समजण्यासारखी आहे, पण ती पूर्ण करणे म्हणजे चांगले शिकवणारी शाळा निवडणे नव्हे. तिथे पालक शेजार विकत घेत असतात, आणि त्या खरेदीने घरांचे भाव चढले की कमी मिळकतीचे कुटुंब त्या हद्दीबाहेर फेकले जाते. हे टाळायचे तर राज्यांनी प्रगतीचा आकडा, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण, आणि दर विद्यार्थ्यामागचा खर्च एकाच पानावर छापावा. गरजू मुलांची संख्या जिथे जास्त, तिथे निधीही जास्त द्यावा. एजवुड आणि अलामो हाइट्सला सारखीच मदत देताना टेक्ससने नेमके हेच नाकारले होते.